न उडालेलं छप्पर

कार्तिक लागतो, पहाटे फरशी पायाला गार लागते, आणि आमच्या टीव्हीवर समुद्र येतो. दर वर्षी येतो. बंगालच्या उपसागरात कुठंतरी कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि रेनकोट घातलेला एक पोरगा कुठल्याशा बंदरावर विजेच्या खांबाला मिठी मारून ओरडायला लागतो, की पाहा, वारा किती भयंकर आहे. मागे माड वाकलेले असतात. मधूनच एखादा पत्रा उडत जातो. तो उडणारा पत्रा तर हे लोक तीन-तीनदा दाखवतात. मी आवाज बंद करते, मग चित्रही बंद करते. सून म्हणते, आई, आपण नगरला राहतो, समुद्र कुठल्या कुठं, तुम्ही कशाला घाबरता? मी घाबरत नाही. मला राग येतो.

राग त्या पोराचा नाही, तो बिचारा पोटासाठी भिजतोय. राग येतो तो या वाऱ्याच्या कौतुकाचा. वारा दाखवता येतो, त्याचा वेग सांगता येतो, त्याचा आवाज येतो, म्हणून सगळे वाऱ्याकडे बघत बसतात. पाणी मागून येतं. ते येतं तेव्हा फोटो काढायला तिथं कुणी थांबलेलं नसतं, आणि जे थांबलेले असतात ते नंतर सांगायला उरत नाहीत.

मी उभा जन्म भूगोल शिकवला. किनाऱ्यावरच्या वस्तीला चक्रीवादळात सर्वांत मोठा धोका कशाचा, हा प्रश्न मी परीक्षेत हटकून घालायची. पोरं गाइडातलं घोकून लिहायची: सोसाट्याचे वारे वाहतात, झाडे उन्मळून पडतात, घरांची छपरे उडतात. मी लाल शाईने फुली मारायची. आमचे हेडमास्तर एकदा म्हणाले, बाई, या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, पोहायला विहिरीत पाणी नाही, त्यांना कशाला छळता? अर्धा मार्क तरी द्या. मी दिला नाही. वर्गात मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं, की वारा घर मोडतो, माणूस मारतं ते पाणी. वारा समुद्राला पुढं ढकलत आणतो, आणि सपाट जमीन असली की तो समुद्र कोसाकोसानं आत चढतो. पावसाचा पूर चढायला वेळ घेतो, माणसाला विचार करू देतो. हे पाणी विचार करू देत नाही. पोरं ऐकायची आणि विसरायची. आमच्या पारनेरच्या माळावर पाणी येणं म्हणजे टँकर येणं, कॅनॉलला आवर्तन सुटणं, हंडे घेऊन धावणं. पाण्यापासून उलट्या दिशेनं पळायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरणार तरी कसं? आमच्या अण्णांच्याही शिरलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. शेती होती, ती आभाळाच्या भरवशावर. पण गावात त्यांना मान होता तो छपरं बांधण्याचा. आमचा माळ उघडा. होळी झाली की वारं सुटायचं, ते वैशाखात वळवाची वादळं घेऊन यायचं. कुणाचे पत्रे कुणाच्या रानात सापडायचे. एका वर्षी एक पत्रा उडून बैलाची मान चिरून गेला होता, ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा होळीची राख थंड झाली की अण्णांना बोलावणी सुरू व्हायची. लोक नुसते दगड ठेवायचे पत्र्यावर. अण्णा हसायचे. ते जाड तार छपरावरून टाकायचे, दोन्ही अंगांनी खाली आणायचे, जोत्याच्या दगडात ठोकलेल्या लोखंडी कडीत अडकवायचे आणि पहार घालून पीळ द्यायचे. पीळ पुरा झाला की बोटानं तार छेडून बघायचे. तार वाजली पाहिजे. वाजली नाही तर पुन्हा पीळ. पैसे कधी घेतले नाहीत. एक नारळ आणि गुळाचा चहा, बास. चैत्रात आम्ही पोरं घराघराच्या तारा वाजवत फिरायचो आणि पाठीत धपाटे खायचो. त्या तारांचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तो मला आवडत नाही.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, प्रवरेकाठच्या साखर कारखान्यात होता. तो पॅनमन होता, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडणारा कारागीर. ते काम कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, मोठाल्या बंद कढयांपाशी चालतं. दाणा पाडण्यात दादाचा हात बसला होता. पण बहात्तरच्या आधीच पावसानं तोंड फिरवलं होतं, उसाचं पाचट झालं, हंगाम आखडला. तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्याकडचा एक कारखाना आमच्याकडची माणसं शोधत होता. कोल्हारचा भागवत, दादाचा जोडीदार, आधीच तिकडं गेला होता. त्यानं दादाला बोलावलं. दादा गेला, सुमनवहिनी गेली आणि त्यांची मंगल गेली. मंगल तेव्हा जेमतेम नीट बोलायला लागली होती. एसटीच्या खिडकीतून ती आमच्या कुत्र्याला हाका मारत होती.

वहिनीचं कार्ड आलं ते आईनं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. तिकडच्या विहिरीला दोरच लागत नाही, वाकून नुसता तांब्या बुडवला तरी भरतो, असं तिनं लिहिलं होतं. आमच्याकडं तेव्हा पोहऱ्याबरोबर चिखल वर येत होता. आई म्हणाली, नशीब काढलं पोरीनं. शेजारच्या बायकासुद्धा हेच म्हणाल्या. पुढं शाळेत नकाशावर बोट ठेवून पोरांना सांगताना मला त्या तांब्याची आठवण व्हायची. जिथं पाणी एवढं हाताशी असतं तिथं जमीन किती खाली असेल, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. आम्हाला हेवा वाटला.

उन्हाळ्यात अण्णा त्यांना भेटून आले. इकडं करायला काही उरलं नव्हतं, बैलही विकून झाले होते. परत आल्यावर ते ओट्यावर बसून तिकडच्या गोष्टी सांगायचे आणि गावातले लोक जमायचे. जमीन अशी सपाट, की कुठं चढ नाही, उतार नाही. भात खातात सकाळ-संध्याकाळ. माणसं काळी, मायाळू. दादाला कारखान्यानं विटांचं पत्र्याचं घर दिलं होतं. त्या घरात अण्णांना एकच खोट दिसली, छप्पर नुसतं खिळ्यांवर होतं. झालं, गडी कामाला लागला. कारखान्याच्या भंगारातून तार मिळवली, कड्या घडवून घेतल्या, आणि सगळा मुक्काम ते छप्पर बांधण्यात घालवला. इथं एका घरावर तीन तारा टाकायचे, तिथं त्यांनी पाच टाकल्या. लेकाचं घर होतं ना.

दादाच्या शेजारी एक कोळी जोडपं राहायचं, म्हातारा-म्हातारी. त्यांची झावळ्यांची झोपडी. तिचं छप्पर काथ्यानं बांधलेलं, आणि गाठी अशा की एका हिसक्यात सुटाव्यात. हे सांगताना अण्णांना हसू आवरायचं नाही. त्यांनी म्हाताऱ्याला खुणेनं सांगितलं, तुझंही बांधून देतो, फुकट. म्हाताऱ्यानं हात जोडले आणि नको म्हणाला. अण्णा म्हणायचे, अडाणी माणसं, वारा काय चीज असती ह्यांला ठावंच न्हाई. ओट्यावरचे सगळे माना डोलवायचे. माळावरच्या माणसाला वाऱ्याबद्दल कोण शिकवणार?

अण्णांनी तिथं छताकडं पाहिलं. खाली, जोत्याकडं, पाहिलं नाही. ते जोतं गुडघ्याएवढंही नव्हतं. समुद्र किती लांब आहे असं त्यांनी विचारलं होतं म्हणे, आणि दिसत नाही एवढा लांब आहे हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

मग ते कार्तिकातले दिवस आले. इकडं आम्ही रेशनवरच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खात होतो, त्या घशाखाली उतरायच्या नाहीत. अण्णा आणि आई दुष्काळी कामावर जायचे. खडी फोडायची, पाझर तलावाची माती उचलायची. तलाव बांधत होतो आणि आभाळात बोटभर ढगही नव्हता. मी तेव्हा पारनेरला शाळेत शिकत होते. घरी आले की टँकरच्या रांगेत हंडा धरून उभी. अशाच रांगेत तार आली. पोस्टमन टँकरपाशी आला, अण्णांचं नाव घेतलं, आणि मलाच वाचावी लागली. दादा, वहिनी आणि मंगल वादळात गेले, एवढंच होतं तिच्यात. मागच्या बाईनं मला विचारलं, पोरी, तुझा नंबर सोडतीस का? मी सोडला.

अण्णा त्याच दिवशी निघाले. ते परत येईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकाला सगळं माहीत होतं. वर्तमानपत्रात वाऱ्याचा वेग छापून आला होता, तो लोक एकमेकांना सांगत होते. असल्या वाऱ्यात काय टिकणार, असं म्हणत होते. घर पडलं असणार. छप्पर अंगावर आलं असणार. कुणीतरी हळूच असंही म्हणालं, की अण्णानं बांधलेलं छप्पर उडालं म्हणजे वारा केवढा असंल बघा. जणू काही वाऱ्याच्या पराक्रमाची कथाच चालली होती. अण्णा आले, अंघोळ केली, ओट्यावर बसले. कुणी वारा म्हटलं की ते मान डोलवायचे. नाही म्हणायचे नाहीत. मी त्यांच्याकडं बघत राहायची आणि मला वाटायचं, हे काहीतरी गिळून बसलेत.

खरं सांगितलं ते भागवतनं. महिनाभरानं तो कोल्हारला घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडं. अण्णा बाहेर ओट्यावर होते. भागवत चुलीपाशी आईसमोर बसला, मी दाराला टेकून उभी. त्यानं सांगितलं, वादळाच्या दिवशी दुपारी कारखान्याच्या भोंग्यानंतर माणसं फिरून सांगून गेली होती, की जोराचं वारं येणार, दारं-खिडक्या लावून घरातच राहा. त्यांनीही वाराच सांगितला. पाण्याचा शब्द कुणी काढला नाही. भागवतला तिथं राहून त्यांची भाषा येऊ लागली होती. शेजारची कोळीण त्याला म्हणाली, त्या पोरीला घेऊन वर जा, कारखान्याच्या माडीवर, समुद्र येईल. भागवतची पाळी होती, तो वर निघालाच होता. वाटेत तो दादाकडं गेला.

"मी म्हनलं, चल वर, म्हातारी म्हनती पानी येनार," भागवत म्हणाला. "त्यो हसला. म्हनला, समुद्र कुटं, आपुन कुटं. आन ह्ये आमच्या अण्णांचं छप्पर हाय, हत्ती बांधला तरी हलायचं न्हाई. तूच थांब की हितं."

भागवत थांबला नाही. वारा सुटला तेव्हा तो पॅनपाशी होता, जमिनीपासून दोन माणसं उंच. आसपासच्या घरांचे पत्रे एकेक करून गेले, त्याला आवाज आले. दादाच्या घराचा एकही पत्रा गेला नाही. मग पाणी आलं. खिडक्यांच्या गजांतून आणि दाराखालून दादाच्या घरात शिरलं. दार बाहेर उघडणारं होतं, बाहेर पाण्याचा रेटा आणि वाहून आलेली लाकडं. ज्यांची छपरं उडाली होती ते भिंतीवर चढले, माडाला धरून राहिले, काही वाचले, काही नाही. कोळ्याच्या झोपडीचं छप्पर पहिल्या लाटेतच सुटलं आणि तरंगलं. म्हातारा-म्हातारी त्याच्यावर पालथी पडून राहिली. ती दोघं सकाळी भातखाचरात सापडली, जिवंत. त्या सैल गाठी शहाणपणाच्या होत्या की गरिबीच्या, मला आजही माहीत नाही. विचारायला मी कधी तिकडं गेले नाही.

पाणी ओसरल्यावर भागवत दादाच्या घरी पोचला. घर उभं होतं. भिंतीवर पाण्याची रेघ दाराच्या चौकटीच्या वर गेलेली. खाटेवर ट्रंक आणि ट्रंकेवर पाट चढवलेला, तो तसाच तिरपा अडकून राहिला होता.

"मावशी," तो म्हणाला, "पत्र्याला आतून पोचे आलं हुतं."

आईला पहिल्यांदा कळलंच नाही. ती म्हणाली, म्हंजे? भागवतनं मूठ वळली आणि डोक्यावर, हवेतच, खालून वर ठोकून दाखवली. मग तो म्हणाला, अण्णा आल्यावर तिथं त्यांनी कुणाला छपराला हात लावू दिला नाही. स्वतः वर चढून पाचही तारा सोडल्या. सोडायला लई येळ लागला, पीळच तसला हुता. बाहेर ओट्यावर काठीचा आवाज झाला. मी डोकावले तर अण्णा उठून माळाकडं चालले होते.

आईनं मग हंबरडा फोडला, तो तार आली तेव्हाही फोडला नव्हता. ती म्हणाली, "हितं घशाला पानी न्हाई, आन माजं लेकरू पान्यात बुडालं." हे वाक्य ती पुढं वर्षभर म्हणत राहिली, जात्यावर, खडीवर, टँकरच्या रांगेत. रांगेतल्या बायका गप्प व्हायच्या. त्यांना दादा वाऱ्यानं गेला हेच बरं वाटायचं. वारा हा आमचा ओळखीचा वैरी होता. पाण्याला दोष द्यायला त्या दुष्काळात कुणाची जीभ रेटत नव्हती. आणि आई त्याच रांगेत, त्याच पाण्यासाठी भांडून हंडा भरून घ्यायची, आणि घरी येऊन त्याच हंड्याकडं बघत बसायची.

मला अण्णांचा राग आला होता. स्पष्टच सांगते, अजूनही कधीकधी येतो. एवढं पक्कं कशाला बांधायचं? दोन तारा कमी टाकल्या असत्या तर? मग वाटतं, त्यांनी लेकाला जे उत्तमातलं उत्तम येत होतं तेच दिलं. दुसरं काय देणार होते? त्यांना जे ठाऊक होतं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त ते आमच्या माळावरचं खरं होतं. आणि ज्यांना तिथलं खरं ठाऊक असायला हवं होतं ते भोंगा वाजवून वारा, वारा करत फिरले. त्यांचा राग मला अण्णांपेक्षा जास्त येतो, पण त्यांचे चेहरे मला माहीत नाहीत. अण्णांचा चेहरा रोज समोर होता, म्हणून राग तिथं जायचा. माणसाचा राग असाच असतो, जवळच्या घरी उतरतो.

मी आता नगरच्या नागापूरला एमआयडीसीजवळ राहते, चौथ्या मजल्यावर, सिमेंटच्या स्लॅबखाली. आमच्या सोसायटीत माझी ख्याती आहे, गच्चीच्या दाराला कुलूप लावू न देणारी म्हातारी. वॉचमन लावतो, मी भांडून काढायला लावते. चोर येतील, पोरं वर जाऊन धिंगाणा करतील, सगळं ऐकून झालंय. सेक्रेटरी म्हणाले, बाई, इथं पूर यायला आधी सीना नदीला पंख फुटायला हवेत. लोक हसले. मीही हसले. कुलूप मात्र लावू दिलं नाही.

त्र्याहत्तरची होळी झाली. दुष्काळाची ती होळी, गोवऱ्याही मोजक्याच जळल्या. राख थंड झाल्यावर लोक रिवाजाप्रमाणं अण्णांना बोलवायला आले. अण्णा कुणाकडं गेले नाहीत. हात चालत न्हाई म्हणाले. लोकांनी समजून घेतलं आणि आपापले दगड पत्र्यावर चढवले. मग चैत्रात एका सकाळी मी उठले तर अण्णा आमच्याच छपरावर होते. पहार घालून तारा उलट्या पिळत होते. आई खालून ओरडत होती, अवो, ह्ये काय मांडलंय, वारं सुटायचे दिस हायेत. ते ऐकत नव्हते. तारा सोडून, गुंडाळून त्यांनी गोठ्यात टाकल्या. मग पत्र्यावरचे दगडही एकेक करून खाली उतरवले. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

वैशाखात वादळ आलं. भर दुपारी, माळावरून लाल धूळ उठवत. आम्ही तिघं घरात. आईनं दार लावायला हात घातला, तर अण्णा म्हणाले, राहू दे उघडं. पत्रे आधी थरथरले, मग आपटायला लागले. एक पत्रा कडेनं उचलला गेला, उजेडाची फट पडली, आणि तो गेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा. आई भिंतीला चिकटून शिव्या देत होती, अण्णांना, वाऱ्याला, देवाला. मी डोक्यावर घोंगडी घेतली होती. धूळ, पाचोळा, चुलीची राख, सगळं घरात फिरत होतं. मग वारा आला तसा पुढं निघून गेला. पाऊस चार थेंबही पडला नाही.

मी घोंगडी काढली. छपराला मधोमध मोठं भगदाड पडलं होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. अण्णा त्याच्याखाली उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, तळवे उघडे, कुणाला तरी उचलून वर द्यावं तसे, आणि तसेच धरून राहिले.

"एवडीच वाट पायजे हुती," ते म्हणाले. "पोरीला तरी वर देता आलं असतं."

आईच्या तोंडातली शिवी अर्ध्यात राहिली. ती उठली, त्यांचे हात धरून खाली घेतले आणि त्यांना भिंतीपाशी बसवलं. रानात पडलेले पत्रे आणायला त्या दिवशी कुणीच गेलं नाही.